स्पेसबारवरचं बोट

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात माझं अर्धं आयुष्य एकच वाक्य बोलण्यात गेलं: आधी वाचा. पडद्यावर चौकट आली की माणसं घाबरून 'ओके' दाबतात आणि मग मला फोन. काय लिहिलं होतं विचारलं की, 'काहीतरी इंग्रजीत होतं हो.' अहो, त्यातच तर दुखणं लिहिलेलं असतं! डिस्क भरली तर मशीन सांगतं भरली, पंखा अडकला तर सांगतं अडकला. माणसं लपवाछपवी करतात, मशीन करत नाही. यावर माझा विश्वास होता आणि अजूनही आहे. पंचाईत तिथंच झाली.

बाइंडरकाका माझं जुनं गिऱ्हाईक. जन्मभर पुस्तकं बांधली. कागद कापायच्या यंत्रात सापडून उजवा अंगठा कायमचा आखडलेला, म्हणून कीबोर्डचा स्पेसबार डाव्या अंगठ्यानं दाबायचे, तोही अगदी डाव्या टोकाला. तेवढाच भाग घासून गुळगुळीत झाला होता. काकूंची नजर गेली तेव्हा काकांनी एक माइक आणला आणि रोज दुपारी एक जाडजूड कादंबरी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायला लागले. मी नसलो तरी तुझी करमणूक व्हायला पाहिजे, म्हणायचे. काकू त्यांना वेड्यात काढायच्या आणि शेजारी आरामखुर्चीत बसून ऐकायच्या.

मी दर खेपेला कटकट करायचो की सगळं एकाच डिस्कवर ठेवू नका, दुसरी प्रत काढा. आणि काम झालं की भिंतीवरचं बटण खाडकन बंद करू नका, मशीन नीट बंद करा. काका हसून मान डोलवायचे आणि माझ्यादेखत भिंतीवरचं बटण बंद करायचे. पुस्तक संपायच्या आधीच ते गेले. मला फार वाईट वाटलं. इतकी कटकट मी दुसऱ्या कुणाकडे हक्कानं केली नव्हती.

मग एका सकाळी काकूंचा फोन आला. आवाज येत नाही म्हणाल्या. कॉम्प्युटरचा की काकांचा, ते विचारायची गरज नव्हती.

खोली होती तशीच होती. खिडकीशी टेबल, टेबलापुढे काकांचं स्टूल, शेजारी आरामखुर्ची. डिंकाचा वास अजून भिंतींतून गेला नव्हता. मशीन लावलं. डिस्क आतून टकटक करत होती. शेवटच्या घटका मोजणारी डिस्क असाच आवाज करते, आणि काकांचा आवाज त्या एका डिस्कवर सोडून जगात कुठंही नव्हता. डिस्क काढून मी बरोबर आणलेल्या लॅपटॉपला जोडून पाहिली, तर ती ओळखच देईना. परत बसवली तेव्हा कळलं, फिरत होती ती फक्त काकांच्या मशीनच्या डब्यात. तिथंही मशीन सुरू होता होता अडायचं. पडद्यावर लिहून यायचं: कीबोर्डवरचं एक बटण दाबलेलं आहे.

यात नवल काही नाही. बटणाखाली धूळ जाते, बिस्किटाचा चुरा जातो. मी कीबोर्ड उलटा करून झटकला, पुसला. तीच ओळ. पिशवीतला माझा कीबोर्ड लावला. तीच ओळ. शेवटी कीबोर्डच काढून टाकला. अशा वेळी मशीन म्हणतं की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला कीबोर्डवरचं एफ-वन बटण दाबा. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात जुना विनोद.

पण तसं काही आलं नाही. एक बटण दाबलेलं आहे, असंच लिहून आलं.

काकूंनी खुर्चीतून विचारलं, ते काय म्हणतंय. मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की वाचताना मध्येच कुणी आलं तर काका पुस्तक मिटायचे नाहीत, पानात बोट घालून बसायचे. पान हरवायला नको म्हणून. पाहुणा तासभर बसला तरी बोट तसंच.

मी म्हटलं, काकू, मशीनच्या आतल्या बोर्डाला ओल लागली की असं होतं. माझं मलाच पटलं नाही.

त्यांनी स्टुलाकडे तोंड वळवलं.

"अहो, सोडा आता," त्या म्हणाल्या. "कुठवर आलो ते माझ्या लक्षात आहे. याला त्याचं काम करू द्या."

काकांचा जुना कीबोर्ड माझ्या मांडीवर होता. वायर खाली लोंबत होती. स्पेसबारचं डावं टोक आत गेलेलं होतं.

टक. ते वर आलं.

आणि मशीन सुरू झालं.

मी एकेक रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उतरवून घेतलं. काकू पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. शेवटचं उतरलं, आणि डिस्कची टकटक थांबली ती थांबलीच. खरं सांगतो, मला रडू आलं. काकूंना दिसत नव्हतं ते बरं झालं.

नव्या मशीनवर सगळं घातलं, दोन प्रती माझ्या दुकानात ठेवल्या. नव्या कीबोर्डच्या स्पेसबारवर मधोमध हाताला लागेल असा एक खडबडीत तुकडा चिकटवला. काकूंना शिकवलं: दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद.

काही महिन्यांनी साफसफाईला गेलो. काकूंची तब्येत सुधारलेली दिसली. काही अडत नाही ना, विचारलं. छे, म्हणाल्या. खुर्चीत बसलं की वाचायला लागतात, डोळा लागला की थांबतात. बोलता बोलता त्यांना झोप लागली.

मी कीबोर्ड उचलला. सगळ्या बटणांवर धूळ होती. मी चिकटवलेल्या तुकड्यावरही होती. त्याला एकदाही बोट लागलेलं नव्हतं. फक्त स्पेसबारचं डावं टोक स्वच्छ होतं, घासून गुळगुळीत झालेलं.

मशीन बंद केलं, कीबोर्ड सोडवून पुसला आणि मशीन तपासायला तो न जोडताच सुरू केलं.

एक बटण दाबलेलं आहे.

मी स्टुलावर बसलो नव्हतो. का कोण जाणे, उभाच होतो.

"काका, माझं झालं," मी हळू आवाजात म्हटलं. "सोडा."

काही झालं नाही. मग माझं लक्ष काकूंकडे गेलं. त्या शांत झोपल्या होत्या.

मी कीबोर्ड पोटाशी धरून थांबलो. दुसरं काय करणार होतो!

बऱ्याच वेळानं काकूंनी कूस बदलली.

"कुठवर आलो होतो आपण?" त्या झोपेतच म्हणाल्या.

पडद्यावरची ओळ गेली. माझ्या तळव्याखाली स्पेसबारचं डावं टोक हलकेच वर आलं. तेवढंच कोमट होतं.