हातांचा परिपथ

उद्देश

विजेचे रोजचे उपयोग सांगणे. परिपथ म्हणजे काय, ते मुलांच्याच हातांनी समजावणे.

बाईंच्या टाचणवहीत हे सव्वीस वर्षं असंच होतं, फक्त वरची तारीख बदलायची. हा तास त्या झोपेतही घेऊ शकल्या असत्या, आणि गेले आठ महिने सगळेच तास जवळजवळ तसे घेत होत्या. नवरा अंथरुणाला खिळल्यापासून त्यांना सलग झोप अशी नव्हतीच. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं. घरघर थांबली की त्या जाग्या व्हायच्या आणि चालू राहिली तरी जाग्या व्हायच्या.

आज निघताना त्यांनी नवऱ्याच्या उजव्या तर्जनीला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि नणंदेला म्हणाल्या, "अकरा ते एक लाइट नाहीये. बॅटरी पाऊण तास चालते. साडेअकराला सिलिंडरवाला येईल."

"आणि नाही आला तर?"

"येईल हो."

"आज रजाच टाका ना, वहिनी."

"उरलीय कुठे?"

साहित्य

एक साबणाची डबी, निळी. नवरा वायरमन. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने ती बायकोच्या वर्गासाठी बनवली होती. आत सेल, वर छोटा तांबडा दिवा, दोन बाजूंना दोन पितळी पट्ट्या. एका पट्टीला बाईंचा अंगठा, दुसरीला शेवटच्या मुलाचं बोट, आणि मधे सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे. दिवा लागतो. कुठेही एक हात सुटला की विझतो.

मुलं एकतीस.

कृती

आधी फळ्यावर यादी. घरात विजेवर काय काय चालतं?

"पंखा!" "मिक्सर!" "मोबाइल!"

"बाई, आमचे पप्पा," मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला. "लाइट गेली की आडवेच होतात."

वर्ग खदखदला. "माणसं विजेवर चालत नाहीत," बाई सवयीने म्हणाल्या. मग यादीखाली रेघ मारून खडू ठेवला.

पावणेबारा वाजत आले होते. टेबलावरचा फोन आवाज बंद करून ठेवलेला. तासाला फोन घ्यायचा नाही, हा मुख्याध्यापकांचा नियम.

बाकं भिंतीला सरकवून गोल केला. बाई टेबलापाशी उभ्या राहिल्या, उजवा अंगठा पट्टीवर, डावा हात वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलीच्या हातात. झटका बसेल का, हे कुणीतरी विचारलंच.

"बसला तर माझ्याकडून बसेल. धरा हात."

दिवा लागला.

निरीक्षण १

खिडकीजवळ दोन मुली एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या होत्या. दोन दिवसांपासून त्यांची कट्टी होती. त्यांच्यामध्ये हातभर जागा मोकळी होती.

दिवा चालू होता.

डबी ओली झाली असेल, असं बाईंना वाटलं. "दारातल्यांनी हात सोडा." दिवा विझला. "धरा." लागला. दुसरीकडे सोडायला लावलं. विझला. फक्त त्या एका जागी हात नव्हते आणि दिव्याला त्याचं काही नव्हतं.

"तुम्ही दोघी. हात का धरले नाहीत?"

"धरलाय की, बाई," वेणीवाली म्हणाली. तिची बोटं हवेत वाकलेली होती. "गार आहे."

"कुणाचा?"

"माहीत नाही. बोटाला काहीतरी चिमट्यासारखं लावलंय."

"माझ्याकडच्या हाताला नाहीये चिमटा," दुसरी तिच्याकडे न बघता म्हणाली. तिचीही बोटं तशीच वाकलेली.



निरीक्षण २

शिपाईमामा दारात आले.

"बाई, ऑफिसात तुमच्या नणंदेचा फोन होता. सिलिंडरवाला आलाच नाही म्हणे. बॅटरी केव्हाच संपली. पण मशीन चालूच आहे, बंद पडत नाहीये. काळजी करू नका म्हणाल्या." मामांनी गोलाकडे बघितलं. "हा काय खेळ लावलाय?"

"केव्हापासून, मामा?"

"काय केव्हापासून?"

"बॅटरी संपून किती वेळ झाला?"

"पावणेबारापासून म्हणाल्या. मधे दोनदा थांबलं म्हणे. क्षणभरच. लगेच सुरू झालं."

बाईंनी दिव्याकडे पाहिलं.

"कुणीही हात सोडायचा नाही," त्या म्हणाल्या.

निरीक्षण ३

बारा दहा. तळवे घामेजले. कुणाचं नाक खाजत होतं. एक जण म्हणाला, "बाई, मला एक नंबरला जायचंय." बाई म्हणाल्या, "थांब." त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

बारा पंधरा. बुटकी मुलगी रडायला लागली. आवाज न करता.

"बाई, प्रयोग संपला ना?"

एक वाजायला पाऊण तास होता.

बारा वीस. मधल्या सुट्टीची घंटा.

एकतीस तोंडं बाईंकडे वळली. बाईंचे खांदे भरून आले होते. आजचेच नाही, आठ महिन्यांचे. त्यांनी डोळे मिटले.

"जा," त्या म्हणाल्या.

निरीक्षण ४

मुलं धावत सुटली. बुटकीने सगळ्यात शेवटी हात सोडवून घेतला.

वर्ग रिकामा.

बाईंनी डोळे उघडले.

दिवा चालू होता.

दुसऱ्या पट्टीवर कुणाचंच बोट नव्हतं. पितळेवर फक्त वाफ धरली होती, बोटाच्या पेराएवढी.

मग डाव्या तळव्यात गार काहीतरी आलं. आणि त्याच्या टोकाला प्लॅस्टिक.

अनुमान

टेबलावर फोन उजळला. नणंद.

विझला. पुन्हा उजळला.

उचलायचा तर एक हात सोडावा लागणार होता.

बाई उभ्याच राहिल्या. हात फार दुखत होते. डाव्या तळव्यातला चिमटा किंचित हलला. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून नवरा करायचा तशी, त्यांच्या तळव्यावर बोटाने हळूच दोनदा टकटक झाली.

निघूया, असा त्याचा अर्थ असायचा.