पिवळ्या दिव्याचं ताट

जेवणाची घंटा झाली आणि नववी-दहावीची मुलं पत्र्याच्या शेडसमोर रांगेत उभी राहिली. शेडच्या खांबावर काचेची एक अरुंद पट्टी बसवली होती. रांगेतल्या प्रत्येकानं तिच्यावर श्वास सोडायचा. लगेच वरचा दिवा लागायचा. पिवळा लागला तर ताट घेऊन आत बसायचं, हिरवा लागला तर वर्गात जाऊन आपला डबा खायचा. सरकारी कागदांत या यंत्राचं नाव 'उपासमापक' होतं. इचलकरंजीच्या त्या शाळेतल्या मुलांनी पहिल्याच दिवशी त्याची 'फुंकणी' करून टाकली होती.

मुख्याध्यापिका वैजयंता मगदूम विज्ञान शिकवायच्या. पालकसभेत त्यांनी फुंकणी साध्या शब्दांत समजावली होती. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी जाळायला लागतं. त्यातून अ‍ॅसिटोन नावाचा पदार्थ तयार होतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. त्याचा किंचित आंबूस वास माणसाच्या नाकाला कळेलच असं नाही, पट्टीला मात्र कळतो.

आधीचा नियम वेगळा होता. आठवीपर्यंत सगळ्यांना जेवण मिळायचं आणि नववीपासून फक्त उत्पन्नाच्या रेषेखालच्या घरांतल्या मुलांना. रेषेच्या जेमतेम वर असलेली मुलं दुपारी मैदानावरच्या नळाला तोंड लावून वर्गात परत यायची. मगदूमबाई ते कितीतरी वर्षं बघत आल्या होत्या आणि त्याविरुद्ध बोलतही आल्या होत्या. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला नको, श्वास पुरे, असा नवा नियम आला तेव्हा त्यांनी शिक्षकांना पेढे वाटले.

ईश्वरी दिवटेचा दिवा पहिल्याच आठवड्यात पिवळा लागला. नववीतली ही हुशार मुलगी रोज स्वच्छ इस्त्रीच्या गणवेशात यायची. दिवा बघून ती रांगेतून बाजूला झाली.

"मॅडम, मला सर्दी झालीय. त्यामुळं चुकतंय ते," ती म्हणाली.

"असेल," मगदूमबाई म्हणाल्या. "पण ताट वाढलंय, तर जेवून घे."

ईश्वरी जेवली. आमटीभात संपल्यावर तिनं ताटाकडे बघत थोडा भात अजून मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील शाळेत आले. बाळकृष्ण दिवटे यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. मागाचा कुठलाही बिघाड चुटकीसरशी काढणारा माणूस म्हणून त्यांना गल्लीत मान होता. नवे माग आपला बिघाड आपणच ओळखायला लागल्यापासून मात्र त्यांना आठवड्यातले मोजकेच दिवस काम मिळत होतं.

"मॅडम, आमच्या घरात रोज चूल पेटती," ते उभ्यानंच म्हणाले. "पोरीला चारचौघांत उपाशी ठरवलं तुम्ही. तुमचं यंत्र बिघडलंय."

"बसा दिवटे. यंत्र बिघडलेलं असूही शकतं."

"दाखवा मला. मी बघतो."

मगदूमबाई त्यांना शेडकडे घेऊन गेल्या. दिवट्यांनी पट्टी निरखली, मागची वायर तपासली, मग स्वतःच तिच्यावर फुंकर घातली. दिवा पिवळा लागला. त्यांनी पट्टी सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि पुन्हा श्वास सोडला. दिवा पिवळाच राहिला.

मगदूमबाईंनीही श्वास सोडून बघितला. हिरवा लागला.

दिवटे शेडच्या कट्ट्यावर बसले.

"काल रात्री मी म्हटलं, कारखान्यात खाऊन आलोय," ते म्हणाले. "म्हटलं, मायलेकींना पुरंल. पोरगी म्हणाली, मैत्रिणीकडं खाल्लंय. मला वाटलं खरंच." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "मग भाकरी खाल्ली कुणी? टोपल्यात तशीच हुती सकाळी."

निघताना दिवटे म्हणाले, "जेवू द्या तिला इथं. मी आलो हुतो ते सांगू नका."

पुढचे काही आठवडे चांगले गेले. ईश्वरीच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली. शेवटच्या तासाला ती प्रश्न विचारायला लागली. घरीही आता कोणी कोणाला खोटं सांगत नसावं, कारण तिचा दिवा हिरवा लागायला लागला. आणि हिरवा दिवा म्हणजे नियमाप्रमाणे ताट नाही, त्यामुळे तिचं शेडमधलं जेवण बंद झालं.

ती निमूटपणे वर्गात परत गेली. डब्यात कधी चपाती असायची, कधी नुसता डबा. पंधरवड्यात दिवा पुन्हा पिवळा झाला आणि ती शेडमध्ये परत आली. असं दोनदा झालं. मग तिचा दिवा कायमचाच पिवळा राहिला. तिच्या वर्गातल्या आणखी कितीतरी मुलांचा तसाच. आता गरजूंना नीट जेवण मिळतंय, असं मगदूमबाईंना वाटलं.

एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी ईश्वरी चक्कर येऊन पडली. मगदूमबाईंनी तिला आपल्या खोलीत नेलं, साखरपाणी पाजलं.

"रात्री काय जेवलीस?"

"काही नाही."

"घरात नव्हतं?"

"होतं. आईनं वाढलं होतं." ईश्वरीनं पेला खाली ठेवला. "जेवले असते तर दुपारी हिरवा लागला असता ना, मॅडम."

मगदूमबाईंनी पेला पुन्हा भरून तिच्यापुढे सरकवला.

"सगळेच करतात," ईश्वरी समजूत घातल्यासारखी म्हणाली. "एक रात्र उपाशी काढली की पुढं सवय होते. इथलं जेवण पोटभर असतं. घरचं मग बाकीच्यांना होतं."

त्या दुपारी मगदूमबाईंनी यंत्राचा प्लग काढला आणि रांगेतल्या प्रत्येकाला ताट द्यायला सांगितलं. शिधा कमी पडला तेव्हा खिचडी पातळ करून सगळ्यांना पुरवली.

आठवड्याच्या आत नचिकेत शेवडे हा तरुण अधिकारी येऊन दाखल झाला. उपासमापकाची आखणी करणाऱ्या गटात तो होता. माणूस भला होता आणि मनापासून दुखावला होता.

"मॅडम, या यंत्रामुळे दुप्पट मुलं जेवायला लागली," तो म्हणाला. "तुम्हीच ते बंद केलंत, तर वरची माणसं म्हणतील, परत दाखले मागा."

"तुमचं यंत्र खरं सांगतं. मला त्याबद्दल शंका नाही," मगदूमबाई म्हणाल्या. "पण ताट हवं असेल तर उपाशी राहून दाखवा, असं आपण मुलांना शिकवलं. ती शिकली."

"मग ज्यांना गरज नाही तीही जेवतील."

"जेवू देत. तुम्ही सोमवारपर्यंत थांबाल?"

तो थांबला. सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आधी मगदूमबाईंनी फुंकणी फाटकाशी आणून लावली. आज यावर कुणाचं ताट ठरणार नाही, नावही नोंदवलं जाणार नाही, असं त्यांनी मुलांना सांगितलं. मुलं एकेक करून श्वास सोडत आत जाऊ लागली. पिवळा, पिवळा, हिरवा, पिवळा. शनिवार-रविवार शाळा बंद, म्हणजे शाळेतलं ताटही बंद होतं. कधीच शेडकडे न फिरकलेली, चांगले बूट घातलेली मुलंही पिवळा दिवा लावून गेली. शेवडे आधी यंत्राकडे बघत होता, नंतर तो मुलांच्या चेहऱ्यांकडे बघायला लागला.

"यंत्रात बिघाड नाही ना?" मगदूमबाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. जरा वेळानं त्यानं विचारलं, "हे मी वर दाखवू शकतो?"

"त्यासाठीच थांबवलं तुम्हाला."

दिवाळीच्या तोंडावर परवानगी आली. त्या एका शाळेपुरती, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. नववी-दहावीच्या प्रत्येकाला ताट, कुणाचंही काहीही न मोजता. मगदूमबाई स्वतः पंगतीत जाऊन बसल्या. ईश्वरी पलीकडच्या रांगेत मैत्रिणींशी बोलत जेवत होती. मधेच ती कशाला तरी खळखळून हसली.

जेवणानंतर सहामाही सुट्टीची सूचना वाचून दाखवायची होती. त्यासाठी मगदूमबाई वर्गावर गेल्या. एरवी ही सूचना ऐकून पोरं बाकं बडवायची. आज मागच्या बाकांवर थोडी हालचाल झाली, बाकी वर्ग गप्पच होता.

ईश्वरीनं हात वर केला.

"मॅडम, यंदाची सुट्टी किती दिवसांची?"

मगदूमबाईंच्या हातात कागद होता आणि त्यावर उत्तर लिहिलेलं होतं. ते वाचायच्या आधी त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. सगळी मुलं त्यांच्याकडेच बघत होती. यांच्यापैकी कितीजण सुट्टीची वाट बघतायत, आणि कितीजण ती संपण्याची?