जोडकार्ड

"हात! आधी हात मागे घ्या!"

चिमटाबाई ओरडली तसा समोरचा माणूस दोन पावलं मागे सरला. इमारतीची बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करायला आलेला तो. कोपरापर्यंत ग्रीस, आणि टेबलावर दीडशे वर्षांपूर्वीचं पाकीट!

"फक्त बघत होतो हो…"

"डोळ्यांनी बघा. बोटांनी नाही."

या लिलावघरात जुनी पाकिटं, जुनी पोस्टकार्डं विकली जात. विक्रीआधी तीन दिवस ती गिऱ्हाइकांना बघायला मिळत, आणि तेव्हा समोर बसून त्यांच्या हातांवर नजर ठेवणं हे तिचं काम. सदान्कदा हातात चिमटा, म्हणून ऑफिसनं ठेवलेलं हे नाव. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं जिवापाड जपायची. घरी मात्र विजेच्या बिलाखेरीज तिच्या नावानं काही येत नसे. रविवारी थोरल्या बहिणीचा फोन. "काय गं, बरी आहेस ना?" "बरी आहे." संपलं. बोलायची सवयच इतकी गेली होती, की कधीकधी स्वतःचाच आवाज ऐकून बाई दचकायची.

पुढच्या महिन्याच्या लिलावाला लिफ्टवाला रीतसर नाव नोंदवून हजर! इस्त्रीचा शर्ट, नखंसुद्धा घासलेली.

"हे बघा," त्यानं दोन्ही पंजे पुढे केले. "चालतील?"

"चालतील," ती म्हणाली, आणि उगाचच लाजली.

मग तो येतच राहिला. पाकीट उलटं धरायचा, शिक्क्याऐवजी तिच्याकडे बघायचा. "यात विशेष काय?" एवढं विचारायचा अवकाश, ती सांगत सुटायची. त्या तीन दिवसांवर ती अख्खा महिना काढायची.

पण साहेबांची नजर यादीवर गेली. "हे गृहस्थ पाच लिलाव नुसते बघून जातात. एकही बोली नाही! नाव काढून टाका."

तिनंच त्याला सांगितलं. "उद्या बोली लावली नाहीत, तर… पुन्हा येता नाही येणार तुम्हाला."

"तुम्हाला वाईट वाटेल?"

"मला काय करायचंय!" असं म्हणून ती घरी गेली आणि पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी त्यानं बोली लावली, ती एका जोडकार्डावर. एक कार्ड लिहिणाऱ्याचं आणि घडीवर त्याला जोडलेलं दुसरं, उत्तरासाठी. शंभर वर्षांत कुणी लिहिलं नाही, फाडलं नाही, म्हणून तर त्याला भाव! वेगळं केलं की रद्दी.

ते घ्यायला तो तिच्या टेबलाशी आला, सही केली, आणि त्याच पेनानं सरळ कार्डावर लिहायला लागला.

"अहो! वेडबीड लागलंय का? मातीमोल केलंत!"

त्यानं कार्ड पुढे सरकवलं. 'मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी तुमच्यासाठी येतो. तुमच्याशिवाय करमत नाही. माझ्याशी लग्न कराल?'

"उत्तराचा भाग कोरा आहे," एवढं बोलून तो जिना उतरायला लागलासुद्धा.

खोलीत ती एकटी. जन्मात कागदाचा कोपरा दुमडू न दिलेली बाई! तिनं घडीवरून नख फिरवलं… आणि टर्रकन कोरं कार्ड वेगळं केलं. मग धावत जाऊन कठड्यावरून वाकली.

"अहो, पत्ता सांगा तुमचा!"

"पत्ता कशाला? वरच येतो की!"

"मुळीच नाही. नवं तिकीट लावून पोस्टानंच पाठवणार."

"म्हणजे चार दिवस वाट बघू?"

"मी इतकी वर्षं बघितली," ती म्हणाली. हसू आणि रडू एकदमच आलं होतं. "तुम्ही चार दिवस बघा."