पडद्याआडची मोजणी

बस, सुकन्या. लाइट गेली आहे, आता तासाभरात काही येत नाही. हा बॅटरीचा दिवा मी टेबलावर ठेवते. उद्यापासून तू या प्रयोगशाळेत रुजू होणार, म्हणजे मोजणीची वही तुझ्या ताब्यात येणार. ती देण्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. अट एकच. मी सांगेन ते ऐकायचं आणि मध्ये कुठलाही आकडा तोंडातून काढायचा नाही. हस, हस. पहिल्या दिवशी मीही हसले होते.

मी नेवाशाकडची. गेल्या महिन्यात इथे पीएच.डी.साठी आले, तेव्हा माझ्या मार्गदर्शक सुनीती मॅडमनी शीतकपाटातली एक बाटली माझ्या हातावर ठेवली. आत मुरमाटी बाजरीचं बी होतं, मोजून चारशे दाणे. ही बाजरी आमच्याच गावच्या मुरमाड रानात व्हायची. आता गावात तिचं एक कणीस दिसत नाही, जिकडेतिकडे ऊस. अकरा वर्षांपूर्वी इथल्या गोरक्ष सरांनी घरोघर फिरून हे बी गोळा केलं होतं. गोरक्ष सर म्हणजे माझ्यासारखेच पीएच.डी.चे विद्यार्थी, शेतकऱ्याच्या घरातले. काम अर्धवट टाकून ते वारले. मॅडम म्हणाल्या, हे उगवलं तर हाच तुझा विषय. नाही उगवलं तर विषय संपला आणि ही बाजरीही संपली, कारण दुसरी बाटली कुठेच नाही. हे ऐकून दुसरी कुणी घाबरली असती. मला चेवच आला. एखादी गोष्ट होणार नाही म्हटलं की मी पदर खोचून उभी राहते, लहानपणापासूनची खोड आहे.

तो काळा पडदा दिसतोय ना, त्याच्या आत अंधारखोली आहे. ओल्या कागदांत गुंडाळलेलं बी तिथे दहा दिवस ठेवायचं. उजेड लागला की प्रयोग बिघडतो, म्हणून आत फक्त एक मिणमिणता हिरवा दिवा असतो. त्या उजेडात लिहिता येत नाही, म्हणून मोजणी दोघांची. एकाने आत बसून उगवलेले दाणे मोजायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने इथे, या खुर्चीत, वही घेऊन बसायचं, तोच आकडा परत म्हणायचा आणि खूण करायची. बाहेरून आकडा परत आला नाही तर आतल्याने पुढे सरकायचं नाही. सगळं झालं की बाहेरच्याने ‘रास पुरी’ म्हणायचं, मगच मोजणी बंद होते. हे शब्द गोरक्ष सरांचे. त्यांच्या खळ्यावर धान्य मापताना असंच म्हणत. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीतही त्यांनीच इथे आणली.

चौथ्या दिवशी पहिली मोजणी होती. वहीपाशी प्रयोगशाळेचे शिपाई कानिफनाथ मामा, केडगावहून सायकलवर येतात ते. बसण्याआधी त्यांनी चपला काढल्या आणि थेट जिन्यापाशी नेऊन ठेवल्या. देवळात आलात का मामा, म्हणून मी चेष्टा केली.

“पायात चपला असल्या की मानूस उठतो, ताई,” ते म्हणाले आणि मान खाली घालून वही उघडली.

आतून मी ‘एक’ म्हटलं. बाहेरून मामा ‘लाभ’ म्हणाले. त्या दिवशी चौसष्ट दाणे उगवले होते आणि मी खुशीत होते.

सातव्या दिवशी कोंब भराभर वर आले होते. भर दुपार, सुट्टीमुळे इमारतीत चिटपाखरू नाही. आत ओल्या कागदाचा वास होता, आणि त्याच्या खाली आणखी एक. मळलेल्या कणसांचा, धुळीचा, खळ्यावर येतो तसा. मोजता मोजता मी म्हणाले, “एकशे बारा.” बाहेरून काही आलं नाही. मी थांबले. पुन्हा म्हणाले. मग माझ्या डाव्या कानापाशी, अगदी जवळून, कुणीतरी दमलेल्या आवाजात म्हणालं, “एकशे बारा…”

मी पडद्याबाहेर कशी आले ते मला सांगता येणार नाही. खुर्ची रिकामी होती, वही उघडी. जिन्यापाशी मामांच्या चपला तशाच पडलेल्या. ते अनवाणी, तापलेल्या डांबरावरून, फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत पळाले होते. तिथे बसवून मी त्यांना विचारलं. ते पायाचे भाजलेले तळवे चोळू लागले.

“गोरक्ष सर आत मोजीत व्हते,” ते म्हणाले. “मी बाहेर वहीवर. मला आली तलफ, गेल्तो चहा प्यायला. लई न्हाई, अर्धा तास. परत आलो तर आतून आवाज येतोय… एकशे बारा. एकशे बारा. म्हनलं चिडलेत. पडदा सारला तर सर खाली पडलेले. हात लावला, तर पार गार, ताई. आन आवाज तर मी आत्ताच आयकला हुता.”

डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला होता. मामांनी त्या मोजणीचं नाव अकरा वर्षं कुणाकडे काढलं नव्हतं. पुन्हा वहीपाशी बसणार नाही म्हणाले, आणि मीही आग्रह केला नाही. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

त्या दिवशीची मोजणी मोडली ती मोडलीच. मॅडम परिषदेला हैदराबादला होत्या. फोनवर म्हणाल्या, दहाव्या दिवशीची मोजणी तरी रीतसर दोघांची हवी, नाहीतर मी सही करणार नाही आणि प्रयोग रद्द धरू. बी तर परत येणार नव्हतं. हॉस्टेलवर दुसरं कुणी नव्हतं. रात्रभर मी तळमळले. भीती होतीच, ती नव्हती असं म्हणणार नाही. पण माझ्या गावची बाजरी एका आवाजाला घाबरून उकिरड्यावर टाकायची, हे मला काही केल्या पटेना.

दहाव्या दिवशी दुपारी मी एकटी आले. विचार असा की स्वतःच आत मोजायचं, बाहेर येऊन स्वतःच लिहायचं. खोटेपणा होता तो, पण दुसरं सुचत नव्हतं. या खुर्चीत बसून वहीवर रेघा आखत होते, तेवढ्यात आतून आवाज आला.

“एकशे बारा…”

हातातली पट्टी खाली पडली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्यात धमकी नव्हती गं. बसस्टँडवर ताटकळलेला माणूस बोलतो तसा आवाज होता. मी पेन उचललं आणि म्हणाले, “एकशे बारा.”

पडद्याआड एक लांब श्वास सुटला. अकरा वर्षं कोंडलेला. मग आवाज म्हणाला, “एकशे तेरा.”

दीड तास आम्ही मोजत होतो. तो सांगायचा, मी परत म्हणायचे आणि खूण करायचे. तीनशे सत्त्याऐंशीला आवाज थांबला. त्याच वेळी मागे दार करकरलं. मामा आले होते, त्यांना राहवलं नव्हतं. मी दचकून उठले, त्यांच्या गळ्यात पडून रडले. नंतर दोघांनी मिळून पडदा सारला. कागद उलगडलेले होते आणि कोंब दहा-दहाच्या रांगांत लावलेले, मुळं एका दिशेला. मी मोजले. तीनशे सत्त्याऐंशी. न उगवलेले तेरा दाणे बाजूला. आत मोजणाऱ्याच्या रकान्यात मामांनी सही केली, मॅडमनी विषय मला दिला, आणि मुरमाटीची रोपं आता कुंड्यांत हातभर झाली आहेत.

चूक नंतर लक्षात आली. त्या गडबडीत मी ‘रास पुरी’ म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आतून आवाज आला, तीनशे अठ्ठ्याऐंशी. मी परत म्हटलं. मग रोज एक. तेरा दिवस, तेरा दाणे. म्हटलं, मेलेलं बीही मोजतो आहे, मोजू दे. चारशे झाले त्या दिवशी मी उभी राहून स्पष्ट म्हणाले, “रास पुरी.” आत सगळं शांत झालं. मी कुंड्यांना पाणी घालून घरी आईला फोन केला.

काल दुपारी तू रुजू व्हायचा अर्ज घेऊन आलीस. माझ्या हातून पाण्याचा तांब्या निसटला, आठवतं? तू उंबरठ्याच्या आत पाऊल ठेवलंस, आणि पडद्याआडून चारशेच्या पुढचा आकडा आला. बी चारशेच होतं, सुकन्या.

तो आकडा मी परत म्हटलेला नाही, आणि म्हणणारही नाही. बाहेरून कुणी म्हटल्याशिवाय तो पुढे जात नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. अकरा वर्षं थांबला, आणखी थांबेल. मी ही जागा सोडणार नाही, यंदा मुरमाटी रानात पेरायची आहे. तू यायचं की नाही ते तुझं तू ठरव. आलीस तर एवढंच सांभाळ की…

काय म्हणालीस?

‘म्हणजे चारशे एक?’ असंच विचारलंस ना आत्ता?

नाही, रागावले नाही. चूक माझी, तुला इथे या खुर्चीत मीच बसवलं. दिवा जवळ ओढ आणि हळू बोल. खिडक्या बंद आहेत, तो पडदा वाऱ्याने हललेला नाही. ऐकलास तो श्वास?… चारशे एक म्हणजे तू, तू मोजली गेलीस. आता तो पुढचा आकडा सांगेल. आणि या खोलीत मोजायची राहिलेली मी एकटीच आहे.