गव्हाचा आळ

“घाल, अजून घाल गव्हाचं पीठ! माझ्या आईला मारूनच थांबशील ना तू?”

नणंदेने, अनिताने, परात अंगणात भिरकावली, आणि प्रतिक्षाच्या कडेवरची दोन वर्षांची रोहिणी दचकून रडू लागली... परातीत तांदळाचंच पीठ होतं! शेजाऱ्यांना ते दिसत होतं, मग सुजयला, प्रतिक्षाच्या नवऱ्याला, का दिसू नये?

सासूबाईंना, सगुणाबाईंना, गहू सोसत नाही असं निदान झाल्यापासून प्रतिक्षाने घरात गव्हाचा कण येऊ दिला नव्हता. हमरापूरच्या त्यांच्या कारखान्यात कागदी गणपती मैद्याच्या खळीने चिकटवत, म्हणून त्या कामाला हात लावणंच तिने सोडलं. तरी जुलाब थांबेनात, त्या माउलीचा देह काडीसारखा होत चाललेला... आणि आळ सुनेवर!

“तू रोह्याला माहेरी जा,” सुजय मान खाली घालून म्हणाला. “पोर राहू दे हितंच.”

“पोर?” तिचा स्वर चिरकला. “माझी पोर ठेवणार? आईंच्या रक्तदाबाच्या गोळीकडे तरी पाहिलंत का कुणी? कालच वाचलं मी. परदेशातल्या संशोधनात आढळलंय, तसल्या एका औषधाने काहींचं आतडं अगदी असंच झिजतं. गहू सोडूनही गुण येत नाही!”

“मोबाईल वाचून डॉक्टरीण झाली!” अनिता उसळली. “ती गोळी मी देते रोज, माझ्या हाताने!”

“नेऊ दे गो तिला मला डाक्टरकडं,” खाटेवरून सगुणाबाई क्षीणपणे म्हणाल्या. “मरायचंच हाय तर इचारून मरेन.”

पेणच्या पोटाच्या डॉक्टरांनी गोळीचं नाव पाहिलं, जुने अहवाल पुन्हा चाळले. आतडं झिजलेलं, पण रक्तात गव्हाच्या आजाराची खूणच नाही! त्यांनी गोळी बदलली. काही आठवड्यांत जुलाब थांबले, सगुणाबाई काठीशिवाय चालू लागल्या, आणि डॉक्टरांनीच सांगितलं, दोष त्या गोळीचा होता.

“म्हणजे माझ्याच हाताने...!” अनिता मटकन खाली बसली.

‘हो, तुमच्याच हाताने!’ हे जळजळीत वाक्य प्रतिक्षाच्या जिभेवर आलं, आणि तिने ते गिळलं.

“गोळी डॉक्टरांनी लिहिलेली, वन्सं. तुम्ही मायेनेच दिलीत.” मग ती सुजयकडे वळली. “तुम्हाला मात्र मी एवढ्यात माफ करणार नाय!”

“करू नको!” सगुणाबाई कडाडल्या. त्यांनी रोहिणीला उचलून सुनेच्या कुशीत दिलं. “हिची पोर हिच्यापास्नं जो मागंल, त्यानं आधी माझ्या घरातनं निघायचं! समजलं रं, सुजय?”

एवढे दिवस कोरड्या डोळ्यांनी सोसणारी प्रतिक्षा तेव्हा सासूच्या खांद्यावर कोसळली... आणि हमसून हमसून रडली.