ओंडक्यातल्या दहा गोळ्या

मंगळवारी सकाळी खासगी तपासनीस झेल्डा प्रुइटच्या कचेरीचं दार आधी एका बंदुकीच्या नळीनं ढकललं आणि मग तिच्यामागून एक्याऐंशी वर्षांच्या ओर्लेना स्टॅम्पर आत आल्या. बंदूक त्यांच्याहून चार बोटं उंच होती.

बर्ल ताडकन उठला. झेल्डाचा हा दीर जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. आता तो तिची गाडी चालवायचा, आणि तिला जे समजलं ते त्याला पाऊण तासानं समजायचं.

"घाबरू नकोस, भरलेली नाही," ओर्लेनामावशी म्हणाल्या. सगळं खोरं त्यांना मावशीच म्हणे. "भरताच येत नाही, तेच गाऱ्हाणं आहे."

गाऱ्हाणं असं. पाच पिढ्यांची ही लांब बंदूक. घरच्या साच्यात ओतलेली गोळी तिच्यातून उडवून नेमाची पाटी फोडली की ती पुढच्या पिढीची होते. येत्या शनिवारच्या नेमबाजीत मावशी ती नात आयव्हलीला देणार होत्या. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी ती बंदुका दुरुस्त करणाऱ्या लोंझो टीगकडे साफ करायला दिली. परत आल्यावर साच्यात नव्या गोळ्या ओतल्या, चिंधीत गुंडाळून नळीत घालायला गेल्या, तर गोळी तोंडाशीच अडली.

"लोंझोनं माझी ठेवून घेतली आणि मला नक्कल दिली," मावशी म्हणाल्या. "पन्नास वर्षं माझ्या ओसरीवर बसून कॉफी प्यायलाय मेला."

"गंज चढला असेल," बर्ल म्हणाला.

"अरे, आत्ताच साफ झालीय," झेल्डा म्हणाली. "आणि नळी वापरून झिजते, रुंदावते. आकसत नाही."

तिनं बंदूक उजेडात धरली. अठपैलू नळी, तिच्यावर पुसट झालेली दोन अक्षरं, मेपलच्या दस्त्यावर वाघासारखे पट्टे, दस्त्यात चिंधीला चोपडायची चरबी भरायला कोरलेली खोबण. मावशींनी सांगितलेली एकही खूण चुकत नव्हती.

"खुणांचं मला सांगू नकोस. माझा भाचा कॉइल नकला विकतो. शेणात महिनाभर पुरल्या की दोनशे वर्षांच्या होतात. खुणा करता येतात, पण गोळी खोटं बोलत नाही. हा साचा माझ्या वडिलांनी नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे आटे नव्यानं कोरले तेव्हाचा, या बंदुकीसाठीच केलेला." मावशींनी ओठ आवळले. "शनिवारपर्यंत सांग. माझी नसेल तर पोरीच्या हातात मी ही देणार नाही. आणि सगळ्या खोऱ्यासमोर लोंझोचं नाव घेईन."

लोंझो आपल्या कारखान्यात कानशीला धार नसल्याचा राग कानशीवरच काढत होता. बंदूक तीच आहे, आपण या हातांनी पुसली, एवढंच त्यानं तीनदा सांगितलं.

"तिला म्हटलं होतं, दारू पेटते तिथे नळीला केसाएवढी चीर आहे, आता भिंतीवर टांग. तर म्हणाली, अकरा वर्षं नेमबाजीत माझ्याकडून हरतोयस म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. बंदूक न्यायला व्हर्लिन आला, त्यालाही म्हटलं, आईला समजाव. तो नुसता मान हलवत राहिला."

"साचा बघितलात?"

"साचा? तिच्या चुलीशेजारच्या खणातून तो कधी बाहेर आलाय? ही बंदूक तेवढी आली."

जुन्या वस्तूंच्या दुकानात कॉइल भेटला. आपण ती बंदूक तीनदा मागितल्याचं त्यानं बेधडक कबूल केलं. पण मावशी त्याला फाटकाच्या आत घेत नव्हत्या, कारण मावशींच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला त्यानं बंदुकीची किंमत विचारली होती.

"शवपेटी निघण्याआधी की नंतर?" झेल्डानं विचारलं.

"आधी," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

मावशींचा मुलगा व्हर्लिन गावातल्या यंत्राच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लेथवर होता. रोज सकाळी आईला दूध देऊन मगच तो कामावर जाई. भला, मोठ्या अंगाचा माणूस. बोलताना टोपी हातात फिरवत राहिला. लोंझोकाका चोर नाहीत, हे त्यानं ठामपणे सांगितलं. मग चोर कोण, या प्रश्नावर टोपी अधिकच वेगानं फिरली.

"आईला म्हणावं, खरी का खोटी, सोडून दे. भिंतीवर छान दिसेल," तो म्हणाला.

बुधवारी झेल्डा मावशींच्या स्वयंपाकघरात बसली. मागच्या वर्षीची एखादी गोळी उरलीय का? नव्हती, उरलेल्या गोळ्या त्या दरवर्षी वितळवून टाकत. मग सराव कुठे करता? परसातल्या ओंडक्यावर. तिथे दुसरी कुठलीही बंदूक त्या चालवू देत नसत. हिवाळ्यात ओंडक्यातलं शिसं खणून काढायचं, पण यंदा गुडघ्यामुळे राहून गेलं होतं.

झेल्डानं बर्लच्या हाती कुऱ्हाड दिली. तासाभरानं तो घामाघूम होऊन दहा चपटे गोळे घेऊन आला.

"एकही गोल नाही. यांचं माप घ्यायचं कसं?"

"घ्यायचंच नाही," म्हणत तिनं ते रुमालात बांधले.

शुक्रवारी दुपारी तिनं सगळ्यांना मावशींच्या ओसरीवर बोलावलं. कॉइल सात वर्षांनी फाटकाच्या आत आला, तोही त्याच्या दुकानातला तराजू हवा होता म्हणून. लोंझो मावशींपासून सगळ्यांत लांबच्या खुर्चीत बसला.

झेल्डानं एका पारड्यात ओंडक्यातल्या दहा गोळ्या टाकल्या. दुसऱ्यात साच्यातल्या नव्या गोळ्या एकेक करून. नववी पडली आणि काटा मधोमध थांबला.

"गोळी चपटी झाली तरी तिचं वजन जात नाही," ती म्हणाली. "या दहा मागच्या वर्षी मावशींच्या बंदुकीतून उडालेल्या. साचा तोच असता, तर समोर दहाच लागल्या असत्या. नऊच लागल्या. म्हणजे नवी गोळी मोठी आहे. मावशी, तुम्ही बंदूक बदलली म्हणत होतात. बदललाय साचा."

तिनं साचा उघडून दाखवला. बाहेरून काळाकुट्ट, आतल्या वाट्या मात्र नव्या नाण्यासारख्या लखलखत होत्या. कुणीतरी त्या अर्ध्या मिलिमीटरनं कोरून मोठ्या केल्या होत्या. मग तिनं लोंझोनं आणलेल्या गोळ्यांच्या डबीतून जुन्या गोळीच्या वजनाची एक गोळी निवडली आणि चिंधीत गुंडाळून नळीच्या तोंडावर ठेवली. दांड्यानं दाबताच ती अलगद आत गेली.

"बंदूक तुमचीच आहे."

मावशींनी नळीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"मग साचा कोणी कोरला?" बर्लनं विचारलं.

"लोंझोकडे साचा गेलाच नाही. कॉइल फाटकाच्या आत येत नाही. या खणापर्यंत रोज येतो, ज्याच्याकडे लेथ आहे आणि ज्याला चीर माहीत होती, असा एकच माणूस. चोराला बंदूक हवी असते, बर्ल. याला ती नको होती. ती उडू नये, एवढंच हवं होतं."

व्हर्लिनची टोपी थांबली.

"तू ऐकत नाहीस, आई," तो म्हणाला. "नळी फुटली असती तर तुझ्या तोंडावरच. किंवा आयव्हलीच्या. मला वाटलं, गोळी जात नाही म्हटल्यावर चार शिव्या देशील आणि टांगून ठेवशील. तू लोंझोकाकांना चोर ठरवशील हे डोक्यात आलं नाही. मग रोज म्हणायचो, उद्या सांगू."

"तुझे फार उद्या झाले," मावशी म्हणाल्या. पण त्यांचा आवाज मुलाला रागावण्याचा नव्हता. त्या लांबच्या खुर्चीकडे वळल्या. "चीर खरंच आहे?"

"तुझ्या हट्टाएवढी मोठी नाही, पण आहे," लोंझो म्हणाला. "जुन्या नळीत नवी नळी बसवतो. ऑक्टोबरपर्यंत देतो."

"मग ती तीच राहील?"

"तुझ्या आजोबांनी गारगोटीनं ठिणगी पाडणारा घोडा काढून नवा बसवला. वडिलांनी आटे कोरले. तुझ्याच पिढीत तिला काही नवं मिळालं नव्हतं."

मावशींनी जरा विचार केला. मग निकाल दिला: उद्या आयव्हली लोंझोच्या बंदुकीनं पाटी फोडेल, आणि घरची बंदूक तिचीच होईल, आधी मात्र ती लोंझोकडे जाईल.

"आणि माझी माफीबिफी?" लोंझोनं विचारलं.

मावशी आत गेल्या आणि वाळवलेल्या सफरचंदांचा सात थरांचा केक घेऊन आल्या. पहिला तुकडा लोंझोला. बर्लनं आपला घास घेतला आणि चावता चावता थांबला.

"हा केक दोन दिवस मुरल्याशिवाय कापत नाहीत," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे मावशी, हा बुधवारीच केलात. तेव्हा तर लोंझो चोर होता."

झेल्डानं दिराकडे पहिल्यांदाच थोड्या आदरानं पाहिलं.

"बोलू नकोस, खा," मावशी म्हणाल्या आणि लोंझोच्या ताटलीत दुसरा तुकडा वाढला.