ऐकणारे

शहरातल्या जुन्या चर्चांची डागडुजी करायची तर आधी आतून मोजमापं घ्यावी लागतात. ते काम आम्ही दोघं करायचो, मी आणि माझा धाकटा भाऊ. मी टेप धरायची, तो कमानी, खांब, छताचा उतार कागदावर उतरवायचा. घरात त्याला सगळे भोंगा म्हणायचे. तो फोनवर बोलायला लागला की शेजारी खिडक्या लावून घेत. भावजय म्हणायची, "ताई, याला फोन कशाला हवा? नुसतं गच्चीत उभं केलं तरी पोचेल."

त्या दिवशीचं चर्च बाजारामागच्या गल्लीत होतं. दोन उंच इमारतींमध्ये चेपलेलं, बाहेरून एवढंसं. साफसफाईच्या बाईंनी दार उघडून दिलं. फादर एका अंत्यविधीला गेलेत म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आत पाऊल टाकलं आणि भोंग्याने शीळ घातली. खांब वर जाऊन, बोटांत बोटं गुंफावीत तसे एकमेकांत गुंतले होते. दुपारचं ऊन रंगीत काचांतून येऊन फरशीवर लाल-निळं सांडलं होतं. ओल्या दगडाचा, विझलेल्या मेणाचा वास. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना काळपट बाकांच्या रांगा, पार दारापर्यंत. आणि डाव्या खांबाला बिलगून उंचावर लाकडी व्यासपीठ, जिथून पूर्वी फादर प्रवचन देत. वर जायला गोल वळणाचा जिना, आणि डोक्यावर झाकणासारखं कोरीव छत्र. आवाज छताकडे उडून न जाता खाली माणसांपर्यंत यावा म्हणून.

जिन्याच्या फाटकाला तार गुंडाळलेली होती.

"मोडका असेल जिना," मी म्हटलं.

"अगं, दगडी आहे. उंची घ्यायला नको का?" त्याने तार सोडवली आणि दडदड वर गेला. कठड्यावर हात टेकून, छाती फुगवून ओरडला, "हॅलो, हॅलो! ताई, येतंय का ऐकू?"

मी हसले. तेवढ्यात पहिलं बाक करकरलं.

जुनं लाकूड, वाजतं कधी कधी. मग त्याच्या मागचं वाजलं. मग त्याच्या मागचं. अंगाचा भार टाकून कुणी बसावं तशी, एकेक रांग करकरत दारापर्यंत गेली. मग शांतता. बाहेरचा रहदारीचा आवाजही बंद झाला होता.

"ताई..." भोंग्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "ही सगळी माणसं कधी आली?"

बाकं रिकामी होती.

"कोणती माणसं? खाली ये."

"हळू बोल गं... बघतायत."

तो गप्प झाला आणि पुढच्या बाकावरून कुणीतरी उठलं. दगडावर पावलं वाजली. सावकाश, जिन्याच्या दिशेने. सुचेल ते भोंग्याच्या तोंडून बाहेर पडलं. "बे एके बे... बे दुणे चार..."

पावलं थांबली.

मी जिन्याकडे धावले. फाटक उघडंच होतं, समोर कुणी दिसत नव्हतं, पण पायरीवर पाय टाकता येईना. गच्च गर्दीत कुणाच्या तरी पाठीवर आदळावं तसं झालं. गार, ओलसर कापड गालाला लागलं. मी सगळा जोर लावला. ती पाठ हलली नाही.

मागे दार वाजलं. म्हातारे फादर आत आले, वर पाहिलं आणि जागीच थिजले.

"तार कुणी काढली?"

"थांबवा हो त्याला... खाली आणा..."

"थांबवू नका," ते माझ्या कानाशी म्हणाले. "तो थांबला की ते वर जातात. मी इथे आल्यापासून खालूनच बोलतो. पण बाई... पाढे त्यांना पुरायचे नाहीत."

"मग काय पुरेल?"

फादरांनी माझा हात धरून मला जिन्यापासून मागे ओढलं.

पावलं पुन्हा वाजली. भोंग्यालाही कळलं असावं. पाढे सोडून तो गोष्ट सांगू लागला. बाबांनी त्याला पोहायला कसं शिकवलं, पाण्यात कसं ढकललं, मी काठावर कशी रडत उभी होते. सगळी बाकं निश्चल झाली. एवढं कान देऊन ऐकणं मी कधी अनुभवलं नाही. हवासुद्धा पुढे झुकली होती.

गोष्ट संपली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, मला पाण्यात कुणी ढकललं होतं गं?"

"बाबांनी! आत्ताच तर..."

"कोण बाबा?"

मी ओरडले, "भोंग्या, सांगू नकोस! काही सांगू नकोस त्यांना!"

तो थांबला. जिन्याची पहिली पायरी वाजली, मग दुसरी. तो घाबरून आईचं सांगू लागला. आईचा खोकला, तिची हाक, तिच्या मांडीवर झोपलेली दुपार. मग शाळा. मग भावजयीला पहिल्यांदा पाहिलं तो पाऊस. मी फरशीवर बसून कान दाबून घेतले, तरी त्याचा तो खणखणीत आवाज आत येतच होता. माझा भाऊ माझ्यासमोर रिता होत होता, आणि थांब म्हणायचीही सोय नव्हती.

काचांतलं ऊन वर वर सरकत गेलं आणि मावळलं. शेवटी त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा बाकं पुन्हा करकरली, यावेळी दारापासून पुढे. दार उघडलं नाही, पण ते गेले. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येऊ लागले.

भोंगा खाली उतरला. पहिल्या बाकावर बसला, हात जुळवले. मी जवळ गेले तर सभ्यपणे सरकून म्हणाला, "बसा ना. जागा आहे."

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. कुठे काही बिघाड नाही म्हणतात. तो खातो, झोपतो, शांत बसतो. फक्त त्याला कुणीतरी काहीतरी सांगत राहावं लागतं. सांगायचं थांबलं की तो उठतो, आणि अगदी जवळ येऊन उभा राहतो. त्याच्या कपड्यांना तेव्हा ओल येते. म्हणून मी आणि भावजय पाळीपाळीने सांगतो. वर्तमानपत्र वाचून चालत नाही. आपलंच सांगावं लागतं.

आमच्या बाबांबद्दल मी त्याला बरंच सांगितलं म्हणे. भावजय म्हणते. मला काही आठवत नाही.

आज दुपारी तिची पाळी होती. मी तिला सोडवायला गेले, तर बंद दारामागे ती लग्नाचं सांगत होती. थकली होती, अडखळत होती. ती जराशी थांबली तशी आतून त्याचा सौम्य आवाज आला, "पुढे?"

मी कडीला हात घातला. आणि त्याच्या मागोमाग, त्या एवढ्याशा खोलीतून, कितीतरी जण हलकेच म्हणाले, "पुढे?"